तिसऱ्या आजी आणि न गेलेली बदकं

तिसऱ्या आजी गप्प बसल्या की आमच्या पूथायमध्ये लोक आधी डॉक्टरला फोन करतात आणि मग काय झालं ते विचारतात. त्यामुळे यंदा दिव्यांच्या सणाला, नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, त्या सकाळपासून एक अक्षर बोलल्या नाहीत तेव्हा सगळं सरोवर गोठलेलं असूनही मला घाम फुटला. माझ्या मुलीची अब्रू त्या दिवशी त्यांच्या हातात होती. म्हणजे हातात नव्हती. कुठे होती ते पुढे येईलच.

त्यांचं नाव दू युन्ये. पण या नावाने हाक मारली तर त्या मागे वळून पाहतात, दुसरी कोणी आली आहे का म्हणून. श्या घराण्यातल्या तिसऱ्या भावाची बायको, म्हणून गावाच्या लेखी आधी तिसरी वहिनी, मग तिसरी काकू आणि आता तिसरी आजी. त्यांची आणि आमची भिंत एकच. भिंतीच्या या बाजूला मी कांदा चिरला तर त्या बाजूने आवाज येतो, "फार झाला!"

आमचं गाव पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंना बोरूचं रान. बाकीचं गाव त्या बोरूच्या चटया विणतं. तिसऱ्या आजी त्याच्या जिभल्या करतात, ग्वान्झच्या. ग्वान्झ म्हणजे वितीएवढी लाकडी नळी, जात सनईचीच, पण भोंगा नाही. आणि तोंडाशी जी बोरूची जिभली बसवायची ती चांगली अंगठ्याएवढी रुंद. गावात वाद्यमंडळ आहे. मयताला वाजवतं, सणाला वाजवतं, आणि चहाशिवाय कोणाकडून काही घेत नाही. मंडळात ढोल आहे, झांजा आहेत, बासऱ्या आहेत, पण पुढे ग्वान्झ आणि मागे सगळे. ग्वान्झ चुकली तर मेलेल्यालासुद्धा रस्ता सापडत नाही, असं म्हणतात.

थंडीत सरोवर गोठलं की पुरुषमाणसं बर्फावर उतरून बोरू कापतात. त्यांच्यापुढे तिसऱ्या आजी काठी टेकत चालतात, स्थळं पाहायला निघाल्यासारख्या. रानाच्या आतला उंच, सरळ, देखणा बोरू दिसला की नाक मुरडतात.

"हा आईच्या पदराखाली वाढलेला. वारा कशाशी खातात ठाऊक नाही याला. पहिल्याच फुंकेला रडेल."

त्या घेतात उत्तरेच्या कडेचा, वाऱ्याने झोडलेला, पेरं आखूड असलेला बोरू. नखाने टिचकी मारतात, कानाशी धरतात, चावून पाहतात. दात नाहीत, तरी चावतात. मग तो चुलीवरच्या तुळईला काही वर्षं धुरात लोंबतो. चहाने पिवळ्या पडलेल्या दातांचा रंग आला की खाली उतरतो. मग बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, साल खरवडायची, वाफेवर मऊ करायचा, एक टोक तापलेल्या चिमट्यात हळूहळू चपटं करायचं आणि कमरेला तांब्याची तार आवळायची. हे सगळं करताना त्यांचं तोंड चालूच. आणि शेवटी जिभली तोंडात घालून फुंक मारायची. "क्वाँक!"

ही फुंक अंगणात, बदकांसमोर. त्यांच्याकडे एक म्हातारा नर आहे, मानेवरची पिसं गेलेला. त्याने मान वर केली तर जिभली बरी. तो उठून चालत आला तर उत्तम. त्याने ढुंकून पाहिलं नाही तर जिभली चुलीत.

"मंडळातल्या सगळ्यांपेक्षा याला सूर जास्त कळतो," असं त्या मंडळाच्या लोकांसमोरच सांगतात. "आणि भाषण करत नाही."

हा टोला थोरल्या शांग आजोबांना. मंडळाचे प्रमुख आणि चाळीसएक वर्षं पहिले ग्वान्झवाले. माणूस चांगला, पण चार लोक जमले की बोलायला उभा राहतो. एका वर्षी देवळाच्या उत्सवात तिसऱ्या आजींनी त्यांना मुद्दाम अशी जिभली दिली, जी भिजते लवकर आणि वाळतेही लवकर. सांगितलंही होतं, "शांग भावजी, आज थोडक्यात आटपा हं." भावजींनी पूर्वजांपासून सुरुवात केली. ते वर्तमानकाळात येईपर्यंत जिभली खडखडीत वाळली होती. पहिल्या फुंकेला डुकराचं पिल्लू पायाखाली आल्यासारखा आवाज निघाला. त्यानंतर दोन वर्षं भाषणं आटोपशीर झाली.

एवढं करूनही त्या मंडळात नव्हत्या. बाईने ग्वान्झला हात लावायचा नाही, सूर पातळ होतो, असा आमच्याकडचा जुना नियम. तिसऱ्या आजींचा नवरा मंडळात वाजवायचा, आणि त्या खिडकीबाहेर बसून जिभल्या तासत सगळी पदं ऐकायच्या. त्यांना पाठही होती. पण नळीला हात लावायचा नाही.

"जिभलीला चालतो," त्या म्हणायच्या. "माझ्या थुंकीत भिजलेली जिभली हे आनंदाने तोंडात धरतात. नळीला बोट लावलं की विटाळ. म्हणजे घरात पाऊल टाकायचं नाही, पण उंबऱ्यावर नाचायचं."

तिसरे आजोबा वारले तेव्हा रीतीप्रमाणे त्यांची ग्वान्झ लाल कापडात गुंडाळून शवपेटीत त्यांच्या उशाशी ठेवली. तो दिवस मला आणखी एका कारणाने आठवतो. सकाळीच तिसऱ्या आजी भिंतीवरून म्हणाल्या, "अगं, तुझं ते लहान लाटणं दे. इतके पाहुणे आलेत, करंज्या लाटायच्यात." मी दिलं. आईने लग्नात दिलेलं, नासपतीच्या लाकडाचं. ते परत आलं नाही. प्रसंगच असा होता की मागायचं कसं? मग वर्षं गेली आणि मागायची लाज वाटायला लागली.

आता मानमानचं. मानमान माझी मुलगी, चौदा वर्षांची. मंडळात पोरगे उरले नाहीत, सगळे शहरात गेले, म्हणून काही वर्षांपूर्वी मंडळाने मुलींना स्वरलिपी म्हणायला शिकवायला सुरुवात केली. म्हणायला, वाजवायला नाही. पोरी म्हणता म्हणता वाजवायलाही लागल्या आणि सगळ्यांनी तिकडे पाहायचं टाळलं. अशातच शरद ऋतूत थोरल्या शांग आजोबांनी जिल्ह्याच्या गावाला जाऊन वरच्या दातांची कवळी बसवून घेतली.

ग्वान्झला ओठ दातांवर आवळावे लागतात. शांग आजोबांनी मंडळासमोर पहिली फुंक मारली, सूर लागला, डोळे मिटले, आणि पुढच्या फुंकेला कवळी ओठांतून सटकून झांजेवर जाऊन आपटली. झांज मात्र अगदी तालात वाजली, असं नंतर झांजवाला शपथेवर सांगत होता.

मोठी पदं पाठ असलेलं दुसरं कोणी नाही. फक्त मानमान.

आणि यंदा दिव्यांच्या सणाला नान्वानचं मंडळ आमच्याकडे यायचं होतं. नान्वान म्हणजे सरोवरापलीकडचं गाव. पाहुणं मंडळ आलं की लाल पत्रिकांची देवघेव होते, चहा होतो, आणि मग यजमानांनी स्वागताचं मोठं पद वाजवायचं. त्यात यजमानांची ग्वान्झ अडखळली तर पाहुण्यांचा ग्वान्झवाला नम्रपणे उठतो आणि पद तिथून पुढे नेतो. याला म्हणतात "हात देणं". असा हात आम्ही नान्वानला शांग आजोबांच्या तरुणपणी एकदा दिला होता. त्याची गोष्ट आमच्याकडे अजून दर सणाला सांगतात, आणि नान्वानचे लोक अजून दर सणाला ती ऐकून घेतात. त्यांचा ग्वान्झवाला जाडा बाओ वर्षानुवर्षं हात देण्यासाठी बाह्या सरसावून बसला होता.

शांग आजोबा मानमानला म्हणाले, "वाजव. पण तिसरीकडून जिभली आण. बाजारातली चालायची नाही."

तिसऱ्या आजींनी तिला जिभली दिली. ती घोगरी होती. दुसरी दिली. ती वरच्या सुराला फाटायची. तिसरी इतकी जाड की फुंकताना पोरीचे कान लाल व्हायचे. कार्तिक गेला, थंडी पडली, बर्फ धरला, आणि प्रत्येक आठवड्याला एक नवी वाईट जिभली. मी तालुक्याच्या दवाखान्यात औषधं देते. घाबरण्याचं शिक्षण मी कॉलेजात जाऊन घेतलेलं आहे. मला रात्रंदिवस डोळ्यांसमोर जाडा बाओ उठताना दिसायचा.

मी खारवलेली अंडी घेऊन गेले. तिळाचं तेल घेऊन गेले. कढईच्या कडेला चिकटवलेल्या मक्याच्या भाकऱ्या आणि त्याच कढईतला मासा घेऊन गेले.

"तिसऱ्या आजी, पोरीचं काही चुकलं असेल तर सांगा."

"चुकलं ना. तुझ्या पोटी जन्मली."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"तेच चुकलं. माशात मीठ कमी आहे, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही."

"मग आणखी कठीण."

माझ्या नवऱ्याने परस्पर शहरातून प्लॅस्टिकची जिभली मागवली. पाकिटावर लिहिलं होतं, भिजवायला नको, फाटत नाही, वर्षभर टिकते. तिसऱ्या आजींना ते कळलंच. भिंतीला कान आहेत, आणि ते त्यांचे आहेत. त्यांनी ती मागून घेतली, अंगणात नेली, तोंडात धरली आणि फुंकली. म्हाताऱ्या बदकाने थोडा वेळ ऐकलं, मग पाठ फिरवून बसलं.

"बघ. वर्षभर टिकेल," त्या म्हणाल्या. "कारण कोणी वाजवणारच नाही."

त्याच हिवाळ्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. रानबदकं दक्षिणेला गेलीच नाहीत. म्हणजे दिसली कोणालाच नाहीत, पण दुपारच्या वेळी उत्तरेकडच्या बोरूच्या गंज्यांमागून क्वाँक, क्वाँक ऐकू यायचं. कधी लांबलचक, कधी तुटक. चटयांसाठी बोरू आणायला गेलेल्यांनी ऐकलं. माझ्या नवऱ्याने ऐकलं. शेवटी तालुक्याहून पक्षी मोजणारा एक तरुण दुर्बीण घेऊन आला, दुपारभर बर्फावर पालथा पडून राहिला, आणि सर्दी घेऊन माझ्याकडे औषधाला आला.

"आवाज बदकाचा आहे," तो म्हणाला, "पण काकू, बदक मधेच थांबून खोकतं."

तिसऱ्या आजी दुपारी बोरू निवडायला जायच्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "असतील. हल्लीच्या बदकांचं काही सांगता येत नाही. दक्षिणेत महागाई फार."

त्यांचे ओठ तेव्हा फुटलेले असायचे. मी मलम दिलं. त्यांनी ते म्हाताऱ्या बदकाच्या पायाला लावलं.

सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी मानमानच्या हातात शेवटची जिभली दिली. ही त्यातल्या त्यात बरी होती. बदकाने एक डोळा उघडला होता. मानमानने पद वाजवलं. अडखळली नाही, पण वरच्या सुराशी पोचताना जिना चढणाऱ्या माणसासारखी धाप ऐकू येत होती. "चालेल," ती म्हणाली. माझी मुलगी "चालेल" म्हणते तेव्हा रात्री जेवत नाही. त्या रात्री जेवली नाही.

आणि सणाच्या सकाळी तिसऱ्या आजी गप्प. मी तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोड गोळ्यांचा वाडगा घेऊन गेले. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. डावा गाल फुगलेला.

"दाढ दुखतेय का?" मी विचारलं, आणि मग आठवलं की त्यांना दाढच नाही. "हिरडी सुजलीय? पू झालाय? तोंड उघडा बघू."

त्यांनी मला काठीने बाहेरचा रस्ता दाखवला. शेजारचे येऊन पाहून गेले. कोणी म्हणालं वारा लागला. कोणी म्हणालं अर्धांग. शांग आजोबा म्हणाले, "ऐंशी वर्षांचं बोलणं संपलं असेल," आणि त्यांना उत्तर मिळालं नाही, तेव्हा तेही घाबरले.

दुपारी नान्वानचं मंडळ घसरगाड्यांवरून बर्फ ओलांडून आलं. सगळ्यात पुढच्या गाडीत जाडा बाओ, मांडीवर ग्वान्झची पेटी. देवळासमोर टेबलं मांडली होती. लाल पत्रिका झाल्या, नमस्कार झाले, मोगऱ्याचा चहा ओतला. आमच्याकडे वाजवण्याआधी जिभली चहाच्या वाडग्यात भिजवतात. मानमानने आपली त्या वाडग्यात टाकली आणि बोटं बाह्यांत लपवली. तिसऱ्या आजी मागे बाकावर बसल्या होत्या, गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून.

शांग आजोबा स्वागताला उभे राहिले. पूर्वजांपासून सुरुवात केली. बोलता बोलता घसा वाळला. हात टेबलावर गेला, हाताला जो वाडगा लागला तो त्यांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला.

कडाक्.

सगळ्यांनी ऐकलं. शांग आजोबांनी जबडा हलवला, पुन्हा कडाक् झालं, आणि ते म्हणाले, "चहात काड्या फार आहेत रे." मग त्यांनी ती काडी तळहातावर काढली. तांब्याची तार होती. तिच्याभोवती बोरूचा भुगा.

"आजोबा," मानमान म्हणाली, "ती माझी होती."

शांग आजोबांचं भाषण पूर्वजांपाशीच राहिलं. नान्वानच्या लोकांत कोणीतरी हसू दाबलं आणि ते नाकातून बाहेर आलं. जाडा बाओ उठला. अगदी नम्रपणे उठला. बाही सरसावली. "मुली, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "काका आहे ना. मी हात..."

"खाली बस रे बाओ!"

इतक्या वेळचं तुंबलेलं होतं, म्हणून आवाज बर्फावरून पलीकडे जाऊन परत आला. तिसऱ्या आजी बाकावरून उठल्या होत्या. त्यांचा डावा गाल सपाट झाला होता. दोन बोटांत त्यांनी एक जिभली धरली होती, गर्द पिवळी, थुंकीने चमचमणारी आणि गरम. थंडीत तिच्यातून वाफ निघत होती.

"घे गं," त्या मानमानला म्हणाल्या. "गार व्हायच्या आत."

"थांब!" मी ओरडले. माझ्या खिशात स्पिरिटची बाटली होती, नेहमी असते. "निदान पुसून..."

"ती बाटली बाहेर काढलीस तर तुलाच पाजीन," तिसऱ्या आजी म्हणाल्या. मानमानने ऐकलं त्यांचं. जिभली नळीत बसवली, ओठ आवळले.

मी स्वागताचं पद कितीदा ऐकलं असेल. त्यात एक जागा येते, जिथे ग्वान्झ एकटी वर जाते आणि बाकीचे सगळे खाली थांबून तिच्याकडे पाहतात. मी त्या जागेला डोळे मिटले. वर चढणाऱ्या माणसाची धाप ऐकू आली नाही. जिना होता की नाही तेही कळलं नाही. ती फक्त वर होती, आणि पुष्कळ वेळ वर राहिली, आणि मागे तिसऱ्या आजींच्या अंगणातून म्हाताऱ्या बदकाने ओरडून दाद दिली. डोळे उघडले तेव्हा जाडा बाओ खाली बसला होता आणि सरसावलेली बाही एका हाताने परत खाली ओढत होता.

पद संपलं. बाओच आधी आला. माणूस मोठा, खरं सांगायला हवं. त्याने जिभली उजेडात धरून पाहिली.

"आजी, ही नवी नाही. ही मुरलेली आहे. हिवाळाभर कोणीतरी हिच्यावर रोज वाजवलंय. कोणी?"

"बदकांनी," तिसऱ्या आजी म्हणाल्या.

"तिसऱ्या आजी," मी म्हणाले, "मग पोरीला तीन महिने त्या भिकार जिभल्या कशाला दिल्या?"

"तिला काहीतरी वाजवायला नको? कच्ची जिभली मुरवताना ओठ फाटतात. बोरू चावून चावून माझ्या हिरड्यांचेच दात झालेत, आणि म्हातारीचे ओठ फाटले तर कोणाला बघायचेत? पोरीचे फाटले असते तर तू तिला इस्पितळात घातली असतीस. आणि चांगली आधी दिली असती तर तू ती उकळली असतीस."

हे खरं होतं. पातेलं मी काढून ठेवलं होतं.

"आणि तोंडात का धरून बसलात?"

"या गारठ्यात चहातली जिभली दोन सुरांत ताठ होते. शिवाय," त्यांनी शांग आजोबांकडे पाहिलं, "हे नवे दात लावून टेबलापाशी उभे राहणार होते. जुने दात होते तेव्हाच यांनी माझ्या लग्नात ताटाखालचं पान खाल्लं होतं."

शांग आजोबा मात्र हसत नव्हते. ते विचार करत होते, आणि त्यांना त्याला वेळ लागतो.

"तिसरे," ते सावकाश म्हणाले, "मुरवायची म्हणजे नळीवर वाजवावी लागते. पदं वाजवावी लागतात. तू कुठल्या ग्वान्झवर वाजवलीस?"

तिसऱ्या आजींनी काठीच्या टोकाने बर्फ उकरला.

"यांच्या."

"कोणाच्या?"

"यांच्याच. दुसरा नवरा केला होता का मी?"

"ती तर पेटीत ठेवली. मी तिथे उभा होतो. मी लाल कापड पाहिलं."

"लाल कापड पाहिलंत," तिसऱ्या आजी म्हणाल्या. "अगदी बरोबर. लाल कापड घातलं मी."

माझ्या मानेवरून काहीतरी गार सरकलं. वितीएवढं. लाकडाचं. नासपतीचं.

"तिसऱ्या आजी," मी म्हणाले, "माझं लाटणं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर आभाळाकडे पाहिलं, जिथे दिवे सोडायला पोरं जमायला लागली होती.

"त्यांना आयुष्यात कधी करंजी लाटता आली नाही," त्या म्हणाल्या. "आता तरी शिकले असतील."

शांग आजोबा बोलायला उभे राहिले. या वेळी त्यांनी पूर्वजांपासून सुरुवात केली नाही. ते म्हणाले, "चहा ओता. तिसरीला पुढच्या बाकावर बसवा. आणि तिचा वाडगा माझ्यापासून लांब ठेवा."

मानमान त्या रात्री जेवली. दोन वाडगे गोड गोळ्या खाल्ल्या, आणि मग त्या जिभलीचं काय करायचं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, नुसत्या कोमट पाण्याने, एकदाच. भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "हात लावून बघ!"

करंज्या मी हल्ली बाटलीने लाटते.